प्रेअरीवरची बदकं: वीण, आहार की स्थलांतर? आधी प्रश्न ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीने नांदूर मधमेश्वरला हिवाळी बदकांच्या गणनेत काम केलं आहे. आता कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, तिथल्या प्रेअरीवर म्हणजे सपाट गवताळ प्रदेशात, संशोधनासाठी अर्ज करताना त्यांनी प्रस्तावाला शीर्षक दिलं, 'प्रेअरीवरच्या पाणपक्ष्यांचं प्रजनन, आहार आणि स्थलांतर'. तिथल्या प्राध्यापकांनी कळवलं की विषय फार पसरट आहे, तिन्हींतला एक निवडा. त्या विचारताहेत: कोणता निवडू? पुढे काम मिळायला कशाचा उपयोग जास्त? तिन्ही एकत्र बसवायचा काही मार्ग आहे का?

मी बरीच वर्षं सस्कॅचवान आणि मॅनिटोबात बदकांच्या घरट्यांवर काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे प्राध्यापक योग्य तेच सांगताहेत. पण तिन्हींतला एक विषय उचलला म्हणून अडचण सुटेल असं मला वाटत नाही. 'तलवार बदकाचा (नॉर्दर्न पिनटेलचा) आहार' हाही नुसता विषयच झाला, त्यात प्रश्न कुठे आहे? हंगाम संपल्यावर कोणत्या वाक्यापुढे तुम्ही 'हो' किंवा 'नाही' लिहू शकाल, ते वाक्य आधी शोधा. ते सापडलं की वीण, आहार आणि स्थलांतर यांतलं काय आणि किती लागेल ते ठरवणं सोपं जातं. शिवाय मादीच्या बाजूने पाहा. एप्रिलमध्ये दक्षिणेकडून येताना तिने अंगावर किती चरबी आणली यावर पहिली वीण केव्हा होणार ते बरंचसं ठरतं. इथल्या तळ्यात तिला काय खायला मिळतं यावर अंडी किती होणार ते ठरतं, आणि घरटं कुठल्या गवतात आहे यावर पिल्लं बाहेर पडणार की नाही ते. तिचं वर्ष एकच असतं, तीन भाग आपण आपल्या सोयीसाठी पाडले आहेत.

आधी जागेबद्दल थोडं, कारण इथलं सगळं पाण्यापासून सुरू होतं. दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या तेव्हा या सपाट प्रदेशात लाखो खळगे राहिले. अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबा आणि खाली अमेरिकेत मोंटाना, दोन्ही डाकोटा, मिनेसोटा, आयोवा असा हा पट्टा आहे. क्षेत्रफळ सुमारे ७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की हे खळगे भरतात. काही मेअखेरीला कोरडे होतात, काही ऑगस्टपर्यंत टिकतात, थोडे बारमाही असतात. इथले शेतकरी त्यांना 'स्लू' म्हणतात. बदकांना हे सगळेच लागतात. एप्रिलमध्ये जोडी उथळ, लवकर तापणाऱ्या डबक्यात चरते. जुलैत पिल्लं घेऊन मादी खोल, पाणकणसांनी वेढलेल्या तळ्याकडे जाते. एखादं तळं एक-दोन वर्षं कोरडं पडणं वाईटच असतं असंही नाही. तळाशी वाळलेली वनस्पती कुजते, पुढच्या वसंतात पाणी आलं की त्यावर कीटक आणि गोगलगायी भरभरून वाढतात. वर्षानुवर्षं तुडुंब राहणारं तळं दिसायला छान असतं, पण त्यातलं खाद्य हळूहळू कमी होत जातं.

१९५५ पासून दर मे महिन्यात अमेरिका आणि कॅनडाची सरकारं मिळून विमानातून बदकं आणि पाण्याने भरलेली तळी मोजतात. विमान ठरलेल्या रेषांवर अगदी खालून उडतं. काही पट्ट्यांवर जमिनीवरचं पथक त्याच वेळी मोजणी करतं, म्हणजे विमानातून किती बदकं सुटली याचा अंदाज येतो आणि आकड्यांत तशी दुरुस्ती करता येते. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये ही गणना झाली नाही. अलास्कापासून डाकोटापर्यंतच्या पारंपरिक सर्वेक्षण क्षेत्रात २०१५ साली ४ कोटी ९५ लाख बदकांचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ३ कोटी ४२ लाखांवर आला. मधली वर्षं प्रेअरीवर कोरडी गेली होती.

हे सगळं सांगायचं कारण तुमच्या प्रस्तावाशी जोडलेलं आहे. तुम्हाला क्षेत्रकामाला दोनच हंगाम मिळणार. त्यांतला एक ओला आणि एक कोरडा निघाला तर 'या वर्षी घरटी जास्त यशस्वी झाली' या वाक्याला काही अर्थ उरत नाही, कारण पाऊस, शिकारी प्राणी, शेतीचं वेळापत्रक सगळंच एकदम बदललेलं असतं. म्हणून तुलना एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी करू नका. एकाच वर्षात दोन प्रकारच्या जमिनी, दोन प्रकारची तळी किंवा लवकर आणि उशिरा घातलेली घरटी यांची तुलना करा. पाऊस आपल्या हातात नसतो, आराखडा असतो.

आता वीण. माझं काम हेच असल्याने इथे जास्त लिहितो.

मॅलार्ड, तलवार बदक, थापट्या, गडवाल, निळ्या पंखांचं टील ही सगळी पाण्यावर राहतात, पण घरटं बहुतेक वेळा कोरड्या जमिनीवर, गवतात किंवा झुडपात घालतात, कधी पाण्यापासून बऱ्याच अंतरावर. शोधायची पद्धत जुनी आणि साधी आहे. दोन क्वाड गाड्यांमध्ये लांब साखळी बांधायची आणि ती गवतावरून ओढत सावकाश जायचं. साखळी जवळ आली की मादी फडफडत उडते, आपण थांबतो. सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंत हे काम करतात, कारण त्या वेळात मादी घरट्यावर सापडण्याची शक्यता जास्त.

गवत बाजूला केल्यावर दिसतो तो जमिनीतला वाटीएवढा खोलगट भाग, त्यात छातीची उपटलेली करडी मऊ पिसं आणि मध्ये फिकट हिरवट किंवा पिवळसर अंडी. अंडी मोजायची आणि त्यांचं वय काढायचं. वय काढायला वीतभर रबरी नळी पुरते. अंडं नळीच्या टोकाला धरून सूर्याकडे बघायचं. अगदी ताजं अंडं आतून स्वच्छ पिवळं दिसतं. पाच-सहा दिवस उबवलेल्या अंड्यात लाल शिरांचं कोळ्याच्या पायांसारखं जाळं दिसतं आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. पुढे सगळं अंडं गडद होत जातं आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी वाढते. बदक रोज एक अंडं घालतं. म्हणजे घरट्यात नऊ अंडी असतील आणि पाच दिवस उबवलेली असतील, तर पहिलं अंडं साधारण दोन आठवड्यांपूर्वीचं. मॅलार्डला उबवायला सुमारे २६ दिवस लागतात, त्यावरून पिल्लं कधी निघतील तेही कळतं. ही एक तारीख पुढे आहार आणि स्थलांतर दोन्हींशी जोडता येते, म्हणून अंडी पारखण्याच्या कामात घाई करू नका.

निघताना अंडी पिसांनी झाका, कारण मादी स्वतःहून उठते तेव्हा तीही झाकूनच जाते. खुणेची काठी घरट्यापाशी लावायची नसते. काही मीटर दूर, ठरलेल्या दिशेला लावायची. परत सात ते दहा दिवसांनी यायचं. त्याहून वारंवार गेलात तर आपलाच त्रास मोजायची वेळ येईल.

शेवटच्या भेटीत घरट्याचं काय झालं ते वाचायचं असतं. पिल्लं निघाली असतील तर कवचांचे बारीक तुकडे आणि त्यापासून सुटलेला चिवट पापुद्रा सापडतो. स्कंकने (दुर्गंधी फवारणारा इथला एक लहान शिकारी प्राणी) खाल्लं असेल तर भोकं पाडलेली कवचं बहुधा घरट्यातच किंवा आसपास पडलेली असतात. लाल कोल्हा अंडी उचलून नेऊन पुरून ठेवतो, त्यामुळे घरटं नुसतं रिकामं दिसतं. पण एवढ्यावरून 'कोल्ह्याने नेलं' असं छातीठोकपणे लिहू नका. एकाच घरट्यावर दोन प्राणी येऊन गेलेले असू शकतात. कोणत्या प्राण्याने खाल्लं हाच तुमचा प्रश्न असेल तर कॅमेरे लागतीलच.

इथे नवख्या अभ्यासकाचा एक नेहमीचा गोंधळ सांगतो. सापडलेल्या घरट्यांपैकी किती यशस्वी झाली, एवढी टक्केवारी काढून चालत नाही. पहिल्या दोन-चार दिवसांतच नष्ट झालेली घरटी आपल्याला सापडतच नाहीत, त्यामुळे ती टक्केवारी फुगलेली येते. हॅरॉल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये यावर उपाय सुचवला: आपल्या नजरेखाली घरटी एकूण किती दिवस होती ते मोजा आणि रोजचा टिकाव काढा. समजा सगळ्या घरट्यांचे मिळून २०० दिवस भरले आणि त्यांत १० घरटी गेली, तर रोजचा टिकाव ०.९५. पहिल्या अंड्यापासून पिल्लं निघेपर्यंत ३४ दिवस धरले तर ०.९५ चा ३४ वा घात, म्हणजे जेमतेम १७ टक्के. रोज फक्त पाच टक्के नुकसान ऐकायला किरकोळ वाटतं, महिन्याभरात ते एवढं होतं. आज आपण लॉजिस्टिक-एक्स्पोजरसारखी मॉडेल्स वापरतो, त्यांत गवताची उंची, तारीख, आसपासची शेती असे घटक घालता येतात. पण पाया तोच आहे. हे गणित एकदा कागदावर हाताने करून बघा, मगच संगणकावर जा.

मॅलार्डची संख्या स्थिर राहायला घरट्यांचं यश सुमारे १५ टक्के लागतं, असं उत्तर डाकोटातल्या १९८५ च्या अभ्यासातून पुढे आलं आणि अजूनही तोच आकडा उंबरठा म्हणून वापरला जातो. एवढं कमी चालतं, कारण घरटं गेलं तर मॅलार्ड मादी पुन्हा घालते, कधी एकाच हंगामात अनेकदा. प्रेअरीवरच्या शेतीच्या भागात हा उंबरठाही कितीतरी ठिकाणी गाठला जात नाही. शिकारी प्राण्यांचं गणितही सरळ नाही. डाकोटातल्या अभ्यासात जिथे लाल कोल्हे प्रबळ होते तिथे घरट्यांचं यश १७ टक्के आणि जिथे कायोटी (लांडग्याच्या कुळातला, कोल्ह्याहून मोठा प्राणी) प्रबळ होते तिथे ३२ टक्के आढळलं. कायोटी कोल्ह्यांना आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत, आणि बदकांची घरटी शोधत हिंडण्यात ते कोल्ह्याएवढे तरबेज नसतात. मोठा शिकारी आला आणि घरटी वाचली, असं इथे घडतं. गवताचंही तसंच. अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने शेतजमीन काही वर्षं गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला सुरू झाला. १९९२ ते १९९७ या काळात त्या गवताने दर वर्षी सुमारे २० लाख जादा बदकं दिली असा अंदाज आहे.

आता आहार. इथे सगळ्यात मोठा प्रश्न नमुना कुठून घ्यायचा हा आहे. जुने अभ्यास बहुतेक पेषणीवर झाले. पेषणी म्हणजे आपण पोटा-कलेजीत खातो तो पोटा. त्यात कठीण बिया दिवसेंदिवस टिकतात, मऊ अळ्या मात्र मिनिटांत विरघळतात. त्यामुळे वर्षानुवर्षं असा समज होता की बदकं मुख्यतः बियाच खातात. १९७० च्या सुमारास जेम्सटाउन, उत्तर डाकोटा इथल्या संशोधकांनी चरत असलेली बदकं मिळवून लगेच अन्ननलिकेतलं खाद्य जपून तपासलं, तेव्हा चित्र पालटलं. अंडी घालण्याच्या दिवसांत निळ्या पंखांच्या टील मादीचा आहार जवळपास पूर्ण प्राणिज निघाला: गोगलगायी, मिज माश्यांच्या अळ्या, पाण्यातले लहान कवचधारी जीव. मॅलार्ड आणि तलवार बदकाच्या माद्यांतही त्या दिवसांत सुमारे तीन-चतुर्थांश खाद्य प्राणिज होतं. त्याच तळ्यावरचा नर तेव्हा बिया खात असू शकतो.

कारण समजून घ्या, मग आकडे पाठ करावे लागत नाहीत. मॅलार्ड मादीचं वजन साधारण एक किलोच्या आसपास, एक अंडं सुमारे ५० ग्रॅमचं. नऊ अंडी म्हणजे साडेचारशे ग्रॅम, स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं, आणि ते दीड आठवड्यात तयार करायचं. बलकातली चरबी बरीचशी ती अंगावरून देते, ती तिची वाटेची शिदोरी. प्रथिनं मात्र अंगात साठवून आणता येत नाहीत, ती इथल्या डबक्यातून रोजच्या रोज मिळवावी लागतात. म्हणून एप्रिल-मेमधलं उथळ डबकं एवढं मोलाचं. आणि शेताच्या मधोमध असल्यामुळे नांगराच्या आड येतं म्हणून चर खणून तेच सगळ्यात आधी आटवलं जातं.

आज आहारासाठी पक्षी मारायची गरज कमी झाली आहे, कारण स्थिर समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण मोजण्याची पद्धत आली. मक्यासारख्या पिकांतला जड कार्बन गव्हापेक्षा जास्त असतो. सस्कॅचवानच्या बऱ्याच भागात मका फारसा पिकत नाही. समजा घरट्यातल्या एखाद्या अंड्याच्या बलकात मक्याची खूण उमटली, तर ती चरबी मादीने वाटेत, नेब्रास्कासारख्या मक्याच्या मुलखातून आणली असण्याची शक्यता मोठी. एका अंड्यातून आहारही कळला आणि प्रवासही. मी तिन्ही विषय एकच आहेत म्हणतो ते यासाठी.

स्थलांतराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मास्टर्सच्या विद्यार्थ्याला नवीन स्थलांतराची माहिती गोळा करायला मी सहसा सांगत नाही. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्याचं संघटित काम अमेरिकेत १९२० पासून आणि कॅनडात १९२३ पासून सुरू आहे. त्याच नोंदींवरून फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० च्या दशकात अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक असे चार हवाई मार्ग मांडले, आजही व्यवस्थापन त्यांवरच चालतं. ही प्रचंड माहिती उपलब्ध आहे, ती वापरा. फक्त एक लक्षात ठेवा: बदकांची बहुतेक कडी शिकाऱ्यांकडून परत येतात. नकाशावर जिथे ठिपका नाही तिथे बदक नाही असं समजू नका, तिथे शिकारी नसेल किंवा त्याने कळवलं नसेल. निळ्या पंखांचं टील ऑगस्टपासूनच निघतं आणि मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत जातं. तिथली नोंद अर्थातच विरळ आहे.

पिसांतल्या ड्युटेरियमवरून (जड हायड्रोजनवरून) पंखांची पिसं कुठल्या अक्षांशावर वाढली हे काढता येतं, कारण उत्तर अमेरिकेत पावसातलं ड्युटेरियम आग्नेयेकडून वायव्येकडे कमी होत जातं. बदकं पंखांची सगळी मोठी पिसं एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे उडू शकत नाहीत, म्हणून ते ठिकाण नक्की एकच असतं. पण प्रेअरीवरची उथळ तळी बाष्पीभवनाने आटतात आणि उरलेल्या पाण्यात ड्युटेरियम वाढतं. शेजारशेजारची दोन तळी वेगळी खूण देऊ शकतात. हे प्रस्तावात आधीच लिहा, परीक्षक विचारणारच.

ट्रान्समीटर लावायचा मोह सगळ्यांना होतो. माझं मत आहे, पहिल्या प्रकल्पात नको. उपकरणाचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा संकेत आहे. पावणेचारशे ग्रॅमच्या टीलला म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम. शिवाय पाठीवर पट्ट्यांनी बांधलेल्या उपकरणाने मॅलार्ड माद्यांचं चरणं कमी होतं, घरटी उशिरा होतात आणि अंडी कमी येतात, असं अभ्यासातून दिसलेलं आहे. ज्या मादीची वीण मोजायची तिच्याच विणीत आपण ढवळाढवळ करायची, हे मला पटत नाही. जगण्या-मरण्याचा किंवा पिल्लांच्या वाटचालीचा प्रश्न असेल तर ते करावं लागतं, आणि त्यासाठी अनुभवी हात आणि पशुवैद्यकाची साथ लागते.

मग महत्त्वाचं कोणतं? उत्तर अमेरिकेच्या मध्य भागातल्या मॅलार्डपुरतं याचं बरंच स्पष्ट उत्तर आहे. २००२ मध्ये आलेल्या एका विश्लेषणात, संख्येच्या वाढीतल्या चढउतारांचा ४३ टक्के भाग घरट्यांच्या यशाने, १९ टक्के विणीच्या हंगामात माद्या जगण्या-मरण्याने आणि १४ टक्के पिल्लांच्या जगण्याने समजावता आला. बाकीच्या वर्षातलं जगणं सुमारे ९ टक्के. म्हणजे बहुतेक निकाल एप्रिल ते ऑगस्टमध्ये, याच गवतात आणि डबक्यांत लागतो. म्हणून घरट्यांचं काम शिकलेल्या माणसाला इथे काम मिळायला अडचण येत नाही. पण हा निष्कर्ष मॅलार्डचा आहे. लेसर स्कॉप या बुडी मारणाऱ्या बदकाच्या बाबतीत, वसंतात वाटेवरच्या पाणथळींत खाद्य कमी झाल्याने माद्या हडकुळ्या पोचतात आणि वीण घटते, अशी शंका गंभीरपणे तपासली गेली आहे. प्रजात बदलली की उत्तर बदलतं.

म्हणून माझी सूचना अशी: तलवार बदक घ्या. तुम्ही ते हिवाळ्यात गोदावरीच्या पाण्यावर पाहिलंच आहे. तिथे येणारे थवे मध्य आशिया आणि सायबेरियाकडचे असतात, प्रेअरीवरचे नव्हेत, पण प्रजात तीच. उत्तर अमेरिकेत १९५६ मध्ये त्यांची संख्या १ कोटीहून जास्त होती, २०२२ मध्ये १८ लाखांच्या आसपास आली. मधल्या काळात ओली वर्षं आली, तेव्हा मॅलार्ड आणि गडवाल सावरले, तलवार बदक तसं सावरलं नाही. मुख्य कारण कोणी लपवलेलं नाही. ते एप्रिलमध्येच, गव्हाच्या उघड्या धसकटांत घरटं घालतं. मे महिन्यात शेतकरी पेरणीचं यंत्र घेऊन त्याच शेतात उतरतो. घरटं गेल्यावर मॅलार्डएवढ्या वेळा ते पुन्हा घालत नाही. सप्टेंबरमध्ये पेरलेल्या हिवाळी गव्हात वसंतातली पेरणी नसते, तिथे घरटी जास्त टिकतात.

तर वाक्य असं होऊ शकतं: 'दक्षिणेकडून जास्त चरबी घेऊन आलेली तलवार बदकाची मादी लवकर अंडी घालते, आणि त्यामुळेच तिचं घरटं पेरणीत सापडण्याचा धोका वाढतो.' घरट्याची तारीख आणि निकाल तुम्ही क्षेत्रात मोजाल. चरबी कुठली, ते प्रत्येक घरट्यातल्या एका अंड्याच्या बलकावरून प्रयोगशाळेत काढाल. प्रवासासाठी कड्यांच्या जुन्या नोंदी पुरतील. तिन्ही विषय आले आणि प्रश्न एकच राहिला. 'नाही' असं उत्तर आलं तरी ते उपयोगाचंच, कारण मग पेरणीची तारीख आणि पीक यांवरच सगळा भर द्यायला हवा हे ठरतं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. अंडं घ्यायला परवाना लागतो. स्थलांतरी पक्ष्यांबाबतचा करार १९१६ चा आहे आणि कॅनडात त्याची अंमलबजावणी कडक आहे. विद्यापीठाच्या प्राणी-निगा समितीची मंजुरीही लागते. जमीन बहुतेक खासगी, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात जाऊन परवानगी मागावी लागते. इथले शेतकरी बहुधा नाही म्हणत नाहीत, पण त्यांचं पेरणीचं वेळापत्रक विचारून, ते पाळून काम करा. ते वेळापत्रक तुमच्या अभ्यासाचा भागच आहे. धसकटांत घरटी विरळ असतात, त्यामुळे पुरेशी संख्या मिळेल का ही खरी जोखीम आहे. मिळाली नाहीत तर तोच आराखडा मॅलार्डवर वळवता येईल असा ठेवा.

पुढे भारतात परतायचा विचार असेल तरी हे शिक्षण वाया जात नाही. हिवाळी बदकं महाराष्ट्रात वीण करत नाहीत, पण हळदी-कुंकू बदक आपल्या तळ्यांकाठच्या गवतातच घरटं घालतं. जायकवाडी किंवा उजनीच्या काठावर त्याच्या घरट्यांचा रोजचा टिकाव मेफील्डच्या रीतीने काढता येईल; साखळीऐवजी पायी, काठीने गवत हलवत शोधावं लागेल एवढंच.

प्राध्यापकांना या आठवड्यात लिहाल तेव्हा शीर्षक बदला, वरच्यासारखं एक वाक्य तुमच्या शब्दांत लिहा, आणि तीन गोष्टी विचारा: त्यांच्याकडे मागच्या हंगामांतल्या तलवार बदकाच्या घरट्यांच्या नोंदी आहेत का, गोठवून ठेवलेली न उबलेली अंडी आहेत का, आणि समस्थानिकांच्या चाचण्यांचा खर्च कोण उचलणार. उन्हाळी क्षेत्र-सहायकांच्या जागा हिवाळ्यातच भरतात, त्यामुळे प्रवेशाची वाट न बघता त्यासाठीही वेगळा अर्ज करा. गाडी चालवायचा परवाना अजून नसेल तर निघण्याआधी काढून ठेवा. इथे शेतं एकमेकांपासून फार लांब आहेत आणि घरट्यावर ठरलेल्या दिवशी पोचावंच लागतं.